रंगाखालचा आकडा

ओतिलिया बारागानचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चार म्हणजे चार. पाच मिनिटं उशिरा उठलेलं माणूस दिवसभर त्या पाच मिनिटांच्या मागे धावत राहतं, असं ती म्हणे. गुळाचं गरम पाणी पोटात, अरेपा नावाची मक्याची एक जाड भाकरी फडक्यात, आणि साडेचारला ती नदीकाठच्या शोध कार्यालयाचं कुलूप काढी.

झाडलोट हे तिचं काम. पण झाडू हातात घ्यायच्या आधी दुसरं एक काम होतं, ते तिच्या कराराच्या कागदात नव्हतं. भिंतीला एक तार बांधलेली होती आणि तारेला चिमट्यांनी अर्ज लावलेले होते. एक अर्ज म्हणजे एक हरवलेला माणूस. डावीकडचा पहिला अर्ज काढायचा, संगणक सुरू करायचा, अर्जावरचा क्रमांक टाकायचा, कळ दाबायची. यंत्र घरघरायला लागे. मग ती झाडायला घेई. फरशी पुसून होई, संडास धुऊन होई, बाबू लोक येऊन त्यांची पहिली कॉफी पिऊन होई, तरी यंत्र घरघरतच असे. साडेनऊच्या पुढे कधीतरी ते थांबे आणि उत्तर देई. एका माणसाला पाच तास.

अकरानंतर पत्र्याखाली इतकं तापे की यंत्र आपोआप बंद पडे. म्हणून पहाट. म्हणून दिवसाला एकच.

उत्तर बहुतेक वेळा एकच असे: नोंद नाही. दहा वाजता त्या घरची माणसं येत. कोणी वरच्या गावाहून होडीनं, कोणी खेचरावर. ओतिलिया त्यांना आधी खुर्ची देई, मग पाणी, मग उत्तर. या क्रमात तिनं कधी बदल केला नाही.

यंत्राला पाच तास का लागतात हे तिनं एकदा एका बाबूला विचारलं होतं. त्यानं खांदे उडवले. "खूप आहेत, बाई," एवढंच म्हणाला. खूप होतेच. चाळीस वर्षांत मग्दालेना नदीतून जेवढी प्रेतं निघाली, काठावरच्या साऱ्या गावांत मिळून, त्यांची एक नोंद होती. प्रत्येक प्रेताची प्रत्येक खूण वेगळ्या ओळीत: दात, व्रण, गोंदण, सदऱ्याचा रंग. साडेनऊ लाख ओळी. अर्जात तीस खुणा असल्या तर यंत्र त्या साडेनऊ लाख ओळी तीस वेळा वाचे. एखादी जुळली की ती कोणाची ते बघायला दुसरं दफ्तर पुन्हा पहिल्या पानापासून. घाम न येणारं यंत्र, पण राबणं गाढवाचं.

तारेवरचा एकशे त्रेचाळिसावा अर्ज तिच्या भावाचा होता. फाबेर बारागान, वय बावीस.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला कब्रस्तानाच्या फाटकावर नगरपालिकेची नोटीस लागली. पुएर्तो बेहुको गावच्या कब्रस्तानात बेवारशांची एक लांब भिंत आहे. तिच्यात कोनाडे, एकावर एक पाच रांगा. नोटीस अशी की भिंत खचली आहे, तीस नोव्हेंबरला दुपारी बारापर्यंत ज्या कोनाड्यावर कोणाचा कायदेशीर हक्क लागणार नाही तो एक डिसेंबरला उपसला जाईल, हाडं सामाईक खड्ड्यात. हक्क म्हणजे दोनांपैकी एक. एक तर आतल्याचा क्रमांक शोध कार्यालयातल्या एखाद्या अर्जाशी जुळलेला हवा, नाहीतर पाच वर्षांचं भाडं भरलेलं हवं.

ओतिलियानं बोटांवर मोजलं. साठ दिवस, साठ अर्ज. तिच्या भावाची पाळी येईपर्यंत खड्डा बुजून त्यावर गवत उगवलं असतं.

"चावी तुझ्याकडे, यंत्र तुझ्याकडे, आणि रांगेतही तूच!" शेजारची उबाल्दिना तिला म्हणाली. उबाल्दिना सत्तरीची, धक्क्यावर तळलेले मासे विकणारी, जीभ तिच्या तेलासारखीच कढत. ओतिलिया तिला मानानं दोन्या म्हणे, ती ओतिलियाला सलगीनं कोमाद्रे. "अगं, पहाटे चारला तिथं तुला बघायला कोण येतंय? पाली?"

"पाली बघतात, दोन्या."

"मग पालींना सांग, माझा भाऊ आहे."

"ज्यांची उद्या पाळी आहे ती माणसं आज होडीत बसलीत. त्यांचाही भाऊच असेल."

"तू ना, कोमाद्रे, खड्ड्यात पडलीस तरी आधी विचारशील, रांग कुठून आहे."

ओतिलिया हसली नाही, रागावलीही नाही. ती रांगेतच राहिली.

फाबेरला तिनं वाढवला होता. आई धक्क्यावरच्या गोदामात पोत्यांची तोंडं शिवायची आणि तेराव्या वर्षापासून ओतिलियाही. फाबेर दोन पोत्यांच्या मधल्या सावलीत झोपायचा. मोठा झाला तशी त्यानं लाकडाच्या तराफ्यांवर नोकरी धरली. एकदा ओंडका निसटून त्याच्या डाव्या गळपट्टीचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. उजव्या हातावर त्यानं एक छोटा गळ गोंदवून घेतला होता, मासा नसलेला. आई विचारायची, मासा कुठाय रे? तो म्हणायचा, येईल की. सोळा वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला तो वरच्या अंगाला गेला आणि परत आला नाही. कोणी नेलं, का नेलं, हे त्या काळी कोणी मोठ्यानं विचारत नसे. आई पुढे सहा वर्षं जगली. मरताना तिनं एकच सांगितलं: माझ्या शेजारी जागा ठेव.

म्हणून ओतिलिया दर महिन्याच्या पगारातून बाजूला टाकत होती. आईच्या अस्थींच्या शेजारचा एक छोटा खण रिकामा होता, तो घ्यायचा. वर्ष झालं होतं. खणापुरतं जमत आलं होतं.

पुएर्तो बेहुकोत ज्यांची माणसं नदीनं परत दिली नाहीत, ती लोकं नदीनं दिलेलं दुसऱ्याचं माणूस घेतात. बेवारशांच्या भिंतीतला एक कोनाडा धरायचा, त्यावर 'निवडला' असं लिहायचं, की तो तुमचा. मग त्याला रंग द्यायचा, नाव द्यायचं, पुढे आपलं आडनावही द्यायचं. सोमवार आत्म्यांचा वार. त्या दिवशी जाऊन बोटाच्या पेरांनी तीनदा ठोठावायचं, म्हणजे तो जागा होतो. पाण्याचा पेला ठेवायचा. आपली दुःखं सांगायची, आणि मागायचंही, अगदी लॉटरीचा आकडासुद्धा. तो ऐकतो. त्याला दुसरं ऐकायला असतं कोण?

ओतिलियाचा निवडलेला तिसऱ्या रांगेत होता, निळ्या रंगात. नाव नार्सिसो बारागान. सोळा वर्षांत तिनं त्याला पाच हात रंग दिला होता. चार कोनाडे पलीकडे उबाल्दिनाचा, हिरवा. उबाल्दिनाचा एकुलता मुलगा आल्बेइरो हरवलेला होता. त्याचा अर्ज तारेवरून कधीच उतरला होता आणि उत्तर आलं होतं, नोंद नाही. तिनं आपल्या निवडलेल्याला मुलाचंच नाव दिलं होतं. आधी नावापुरतं. पुढे पुढे ती "आल्बेइरोकडे जाऊन येते" असं म्हणू लागली आणि कोणी तिला हटकलं नाही.

वीस ऑक्टोबरला राजधानीहून इंजिनिअर आली. यामिले तिचं नाव, तिशीची, चष्मेवाली, उन्हानं लाल झालेली. पहाटे साडेचारला ओतिलिया कुलूप काढायला गेली तर ही पायरीवर बसलेली.

"तुम्हीच कळ दाबता ना? मला बघायचंय ते काय करतं."

ओतिलियानं कळ दाबली आणि झाडू उचलला. यामिले पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "याला इंडेक्सच नाही! एकसुद्धा नाही! हे कोणी केलंय?"

"मी फक्त झाडते, इंजिनिअरबाई."

"तुम्हाला नाही म्हणत हो, बाई." ती हसली. "कसं सांगू? मोठं पुस्तक आहे, मागे सूची नाही. एक शब्द शोधायचा तर सगळं पुस्तक वाचायचं. रोज. पहिल्यापासून."

ओतिलिया झाडूवर रेलली. "गोदामात एर्मोहेनेसची पाटी होती," ती म्हणाली.

"कोण?"

"मुकादम. नऊशे पोती यायची, जशी आली तशी रचायची. पण त्याच्या दाराशी एक पाटी. पोत्यांवरच्या शिक्क्यांप्रमाणे ओळीनं लिहिलेली. हा शिक्का, अमकी थप्पी, तमका थर. मालक आला की तो पाटी बघायचा आणि हमालाला म्हणायचा, सातवी थप्पी, वरून तिसरं. एकदा तो तापानं पडला आणि पाटी पुसली गेली. एका मालकाची बारा पोती शोधायला चार हमालांनी दोन दिवस सगळं गोदाम उलथं केलं."

यामिलेनं चष्मा काढून पुसला. "हो. हेच. अगदी हेच."

"पण पाटी फुकट नसते," ओतिलिया म्हणाली. "नवीन पोतं आलं की आधी पाटीवर लिहायचं, मग टेकायचं. हमाल शिव्या द्यायचे."

"यंत्रही देईल. नवीन नोंद घालताना थोडा जास्त वेळ घेईल. घेऊ दे."

यामिलेनं दोन दिवस काम केलं. खुणांची एक पाटी केली, प्रेतांच्या क्रमांकांची दुसरी. पहिल्यांदा पाटी तयार करायलाच यंत्राला सारी सकाळ लागली. ओतिलियाला त्याचं नवल वाटलं नाही. ते कष्ट कोणीतरी एकदा करायचेच असतात. बावीस तारखेला पहाटे त्या दोघी यंत्रापुढे बसल्या. ओतिलियानं पहिला अर्ज घेतला, क्रमांक टाकला, कळ दाबली आणि सवयीनं झाडूकडे वळली.

"कुठे चाललात? आलं उत्तर."

दोन सेकंद. ओतिलियानं खात्री करायला तोच अर्ज पुन्हा टाकला. दोन सेकंद.

सकाळभरात त्यांनी सगळी तार रिकामी केली. फाबेरचा अर्ज सव्वासातला आला. ओतिलियानं क्रमांक टाकला, एकेक आकडा दाबून. गळपट्टी, गोंदण, वय, महिना.

नोंद नाही.

पाच तास लागले असते तर पाच तास तरी वाट बघता आली असती. यामिलेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओतिलियानं तो हलकेच काढला, अर्ज घडी करून खिशात घातला आणि पुढचा घेतला. सगळे संपल्यावर फरशी पुसली. त्या दिवशी ती दोनदा पुसली, एवढाच फरक.

तो सोमवार होता. काम संपल्यावर ती नार्सिसोकडे गेली. पाण्याचा पेला ठेवला, तीनदा ठोठावलं. "त्यांच्याकडे तो नाही म्हणे," ती त्याला म्हणाली. "दोन सेकंदांत सांगितलं." मग ती त्याच्या निळ्या रंगाकडे बघत राहिली. नार्सिसो बारागान. सुरेख अक्षर. तिनंच काढलेलं. खाली क्रमांक नव्हता. होता, कोनाडे लिंपणाऱ्या सोतेरोनं घातलेला होता, तिनं रंगानं झाकला होता.

तिचा हात तसाच हवेत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं यामिलेला झोपेतून उठवून कार्यालयात आणलं. "माझ्या मेलेल्याचं नाव घाला. नार्सिसो बारागान."

यामिलेनं घातलं. "आहे की. तिसरी रांग. नाव आहे, क्रमांक रिकामा. पालिकेची माणसं भिंतीवर जे दिसलं ते उतरवून गेलीत."

"मग यंत्र त्याला काय समजतं?"

यामिले उत्तर द्यायला लागली आणि थांबली. बघता बघता तिचा चेहरा उतरला. यंत्र फक्त बिननावाच्यांमध्ये शोधत होतं. ज्याला नाव आहे त्याची ओळख पटलेली आहे, असं ते धरून चाललं होतं. आणि प्रेताच्या खुणा क्रमांकाला जोडलेल्या. क्रमांक नाही तर खुणा नाहीत.

"असे किती आहेत?" तिनं विचारलं.

"मी मोजलेत," ओतिलिया म्हणाली. "सत्त्याऐंशी."

"नाव कोण देतं हो बेवारशाला?"

"आम्ही," ओतिलिया म्हणाली. "मायेनं. आणि तुमची पाटी, बाई, जोरात धावते. पण जी थप्पी लिहिलेलीच नाही तिथं ती कशी जाणार?"

माणूस भिंतीच्या यादीत बिननावाचाच असला पाहिजे, ही अट यामिलेनं काढून टाकली. नुसत्या नदीच्या नोंदीत शोधायला लावलं. मग तिनं फाबेरचा क्रमांक घातला. दोन सेकंदांनी पडद्यावर एक ओळ आली. क्रमांक २२६. पुरुष, वीस ते पंचवीस. डाव्या गळपट्टीचं हाड जुनं मोडलेलं, वाकडं जुळलेलं. उजव्या हातावर गोंदण: गळ. चौदा मार्चला पुएर्तो बेहुकोच्या वळणावर काढला.

ओतिलिया खुर्चीवर बसली. यामिलेनं पाणी आणलं. खुर्ची आणि पाणी या वेळी उत्तराच्या नंतर आलं.

"तो या गावात आहे," ओतिलिया म्हणाली. "त्या भिंतीत. कोणाच्या तरी रंगाखाली."

यामिलेनं उबाल्दिनाच्या मुलाचाही अर्ज नव्यानं घालून पाहिला. नोंद नाही.

सोतेरो कोनाडे लिंपायचा, आता थकून घरी बसला होता. ओतिलिया विचारायला गेली तेव्हा तो म्हणाला, क्रमांक माणसाचा असायचा, कोनाड्याचा नाही. नदीनं ज्या क्रमानं दिला तो आकडा, आणि भिंतीत जिथं जागा असेल तिथं तो माणूस. त्यामुळे शेजारच्यावरून मोजून कळणार नाही. "ओल्या चुन्यावर डांबरानं लिहायचो मी. चुन्याची साय असते ना, तेवढीच जाड अक्षरं. तारेचा ब्रश लावलास तर आकडा गेला. ओलं फडकं ठेव, वाट बघ, मग पातळ पात्यानं एकेक थर. घाई केलीस तर मला सांगू नकोस, मला वाईट वाटेल."

नगरपालिकेनं शोध कार्यालयाला लेखी परवानगी दिली, पण निवडणाऱ्याची संमती असेल तरच. संमती कोण देणार? क्रमांक निघाला, अर्जाशी जुळला, की त्या घरची माणसं येऊन हाडं घेऊन जाणार. लोक दारं लावून घेऊ लागले.

ओतिलियानं पहिला स्वतःचा घेतला. रविवारी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. पाच हात निळा रंग, पाच वेगळे निळे. ओलं फडकं, वाट, पातं. तास लागला. खालून आकडा आला, १९८. यामिलेनं दुसऱ्या दिवशी पहाटे तो यंत्रात घातला. तो जुळला. वरच्या गावच्या एका घराशी.

आठवड्यानं एक म्हातारा आला, हातात टोपी, सोबत एक लाकडी पेटी. सोतेरोच्या पुतण्यानं कोनाडा फोडला. पेटी भरली. म्हाताऱ्यानं ओतिलियाला विचारलं, "तुम्ही त्याला काय म्हणायचा?"

"नार्सिसो."

"त्याचं नाव एदिल्सोन."

"असेल. नार्सिसो म्हटलं तरी ऐकायचा." मग तिनं पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "सोमवारी पाणी लागतं त्याला."

तिनं आपला दिला हे पाहून लोक वळले. सगळे नाही, पण वळले. नोव्हेंबरभर ती दुपारी दोनला भिंतीशी जाई आणि उजेड असेपर्यंत खरवडी. दिवसाला चार. पाचवा तिनं कधीच घेतला नाही. चार झाल्यावर हात थरथरतो आणि थरथरत्या हातानं आकडा जातो. गुलाबी, पिवळे, फुलांचे, देवदूतांचे, एकावर तर लॉटरीचा जिंकलेला आकडा सोनेरी रंगात. ती प्रत्येकाची आधी माफी मागे, मग फडकं ठेवी. नखं गेली, अंगठ्याला पाणी भरलं. यामिले पहाटे आकडे घाली, यंत्र दोन सेकंदांत उत्तर देई. एकतीस जुळले. एकतीस घरं आली आणि घेऊन गेली. बाकीचे जुळले नाहीत. त्यांच्यासाठी ज्यांना जमलं त्यांनी भाडं भरलं. ज्यांना नाही जमलं ते पाण्याचा पेला उचलून घरी गेले.

२२६ आला नाही.

सव्वीस नोव्हेंबरपर्यंत तिचे चौऱ्याऐंशी झाले. उरले तीन, अगदी कडेचे. उबाल्दिनाचा हिरवा, एका लॉटरी विकणाऱ्याचा, एका गाडीवानाचा. तिघांनीही संमती दिली नव्हती. सत्तावीसला दुपारी ओतिलिया फडकं आणि पातं घेऊन गेली, म्हटलं आज पाया पडेन.

तिन्ही कोनाडे उघडेबोडके होते. रंग नव्हता. चुनाही नव्हता. खालचं सिमेंट दिसत होतं, त्यावर तारेच्या ओरखड्यांची जाळी. जमिनीवर हिरवा, लाल आणि पांढरा भुगा.

ओतिलियानं बोट फिरवलं. हाताला काही लागलं नाही.

उबाल्दिना घरी परसात मासे साफ करत होती. मान वर केली नाही.

"दोन्या, ब्रश कोणी मारला?"

"मी. जेवणानंतर, सगळी झोपल्यावर. त्या दोघांनाही मीच म्हटलं. हात अजून दुखतोय."

"का?"

"का!" उबाल्दिनानं सुरी आपटली. "तू तुझा देऊन टाकलास म्हणून! सोळा वर्षं पाणी ठेवलंस, आणि एक टोपीवाला आला तर पेटी भरून दिलास. पेल्यासकट! माझ्याकडे कोण येईल मग? तू येशील. तूच!"

"मी आले असते," ओतिलिया म्हणाली.

"बघ."

"तिघांपैकी एक माझा भाऊ आहे."

"आणि एक माझा मुलगा."

"तो आल्बेइरो नाही, दोन्या. यंत्रात आल्बेइरो कुठेच नाही."

उबाल्दिनानं हातातला मासा टोपलीत टाकला. मग हळूच म्हणाली, "तुझ्या यंत्रात तर तुझा भाऊही नव्हता. मग झाला."

ओतिलिया उंबऱ्यावर टेकली. तिनं विचारलं, "भाडं भरलंत?"

"भाडं कसलं?"

"क्रमांक नाही, म्हणजे जुळणार नाही. जुळलं नाही आणि भाडंही नाही, तर एक तारखेला खड्डा. नोटिशीत आहे."

उबाल्दिनाला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं होतं, आकडा पुसला की तो कायमचा तिचा झाला. तिनं ओतिलियाच्या तोंडाकडे बघितलं, मग टोपलीकडे बघितलं. टोपलीत एका दिवसाचे मासे होते.

"पाच वर्षांचं?" तिनं विचारलं.

"पाच वर्षांचं. एकदम."

ओतिलियानं यामिलेला सांगितलं. प्रयोगशाळेत हाडांची तपासणी होऊ शकते, ती म्हणाली. ओतिलियाचं रक्त घेतील, तिन्हींशी लावून बघतील. पण रांग आहे.

"केवढी?"

"चार वर्षं. कदाचित पाच."

"तिथं इंडेक्स नाही का?"

"तिथं माणसं कमी आहेत, बाई," यामिले म्हणाली. "त्याला इंडेक्स नसतो."

तीस नोव्हेंबरला, शुक्रवारी, ओतिलिया नेहमीप्रमाणे चारला उठली. कार्यालय झाडलं. तारेवर नवे सहा अर्ज होते, ते पाच वाजायच्या आत संपवले. सहाही घरांना सांगायला ती दहापर्यंत थांबली, खुर्ची, पाणी, उत्तर. मग घरी जाऊन पत्र्याचा डबा घेतला.

नगरपालिकेच्या खिडकीशी लॉटरीवाला उभा होता, गाडीवान उभा होता. दोघांच्या हातात काही नव्हतं. उबाल्दिना भिंतीला टेकून खाली बसली होती. ओतिलियाला बघून तिघांनीही खाली बघितलं.

"अस्थींच्या खणाचे ना?" खिडकीतला कारकून म्हणाला. तो तिला ओळखत होता. ती दोनदा भाव विचारून गेली होती. "आईच्या शेजारचा. राखून ठेवलाय तुमच्यासाठी."

"तो नको," ओतिलिया म्हणाली. "कोनाडे. तीन."

"नावं?"

"लागतात?"

"पावतीवर काहीतरी लिहावं लागतं."

तिनं उबाल्दिनाकडे बघितलं. "एकावर आल्बेइरो लिहा. बाकी दोन त्यांना विचारा." लॉटरीवाल्यानं आणि गाडीवानानं आपापल्या निवडलेल्याचं नाव सांगितलं. कारकुनानं लिहिली. फाबेर कोणत्याच पावतीवर आला नाही. कुठे लिहायचा हे तिला माहीत नव्हतं, आणि अंदाजानं लिहिणं तिला जमलं नसतं.

डबा रिकामा झाला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

एक डिसेंबरला भिंत उपसली. पोती खड्ड्याकडे जाताना ओतिलिया फाटकाशी उभी होती. सोमवारी ती तीन पेले घेऊन गेली. उघड्या सिमेंटवर पहिल्यावर तीनदा ठोठावलं, दुसऱ्यावर तीनदा, तिसऱ्यावर तीनदा. उबाल्दिना आधीच तिथं होती. ती थोडी बाजूला सरकली.

चौदा महिन्यांच्या पहाटांनी एवढं आणलं: तीन कोनाड्यांचं पाच वर्षांचं भाडं. एकात तिचा भाऊ. दोनांत कोणीतरी.